ताबा, स्वामित्व आणि सुट्टी : वडगावच्या तहापासून मुक्तिदिनापर्यंत

युद्ध थांबते त्या दिवशी ज्याच्या हाती जो मुलूख असेल तो त्याचाच समजावा की नाही, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याचा आहे. एखाद्या दिवसास राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा असावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीतील कारभाराचा आहे. या दोन प्रश्नांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तिथीची निवड. तह एक तिथी ठरवतो आणि तिच्या आधाराने भूमी कोणाची हे सांगतो. पंचांग एक तिथी ठरवते आणि तिच्या आधाराने ती भूमी कधीपासून कोणाची हे लोकांच्या स्मरणात ठेवते. या दोन तिथी एक असतात काय, आणि नसल्यास का नसतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी घेतलेली उदाहरणे शक्य तेथवर मराठी मुलखातील आणि मराठी कागदपत्रांशी निगडित आहेत.

१

प्रस्तुत लेखक ज्या कुसगावात राहतो ते गाव मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या आग्नेयेस आहे. खंडाळ्याहून कार्ल्याकडे जाताना ते उजव्या हातास राहते. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज रघुनाथरावास पेशवाईवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आली ती याच परिसरातून. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. तळेगावी पोहोचल्यावर गाव जाळून रिकामे केलेले इंग्रजांना आढळले. रसद तुटली, माघार सुरू झाली, अवजड तोफा तळ्यात टाकून द्याव्या लागल्या आणि वडगावी फौज पुरती कोंडली गेली. जानेवारीच्या मध्यास वडगावचा तह झाला. १७७३ पासून इंग्रजांनी घेतलेला सारा मुलूख, साष्टीसह, परत द्यावा असे त्यात ठरले आणि दोन इंग्रज अधिकारी ओलीस ठेवण्यात आले.

येथे ध्यानात घ्यावयाचा मुद्दा असा की तहाने तहाच्या दिवसाचा ताबा प्रमाण मानला नाही. साष्टी त्या दिवशी इंग्रजांच्याच हाती होती. त्यांनी ती डिसेंबर १७७४ मध्ये घेतली होती. तहाने सहा वर्षे मागे जाऊन १७७३ ही आधारतिथी धरली. युद्धापूर्वी जे जसे होते ते तसे करावे, या तत्त्वाला आपण 'पूर्वस्थितीचे तत्त्व' म्हणू. याच्या विरुद्ध तत्त्व 'युटी पॉसिडेटिस' या लॅटिन शब्दांनी ओळखले जाते. त्यांचा अर्थ 'जसे तुमच्या ताब्यात आहे तसे' एवढाच. मुळात हे शब्द रोमन न्यायाधिकाऱ्याच्या एका आज्ञेतील आहेत. जमिनीच्या मालकीचा वाद चालू असता, तो निकालात निघेपर्यंत ज्याची वहिवाट असेल त्यास कोणी उपद्रव देऊ नये, अशी ती आज्ञा होती. म्हणजे मूळ आज्ञेत ताबा हा मालकीचा निर्णय नव्हे; तो निर्णय होईपर्यंतची केवळ तात्पुरती व्यवस्था होय. पुढे युरोपीय राष्ट्रांच्या व्यवहारात मात्र या तात्पुरत्या व्यवस्थेचा कायमचा नियम झाला. तह मुलखाविषयी मौन बाळगत असेल, तर युद्धसमाप्तीच्या क्षणी ज्याच्या हाती जे असेल ते त्याचे, असे मानले जाऊ लागले.

वडगावचा तह मुंबईकरांनी मानला नाही. तो करणाऱ्या समितीस तसा अधिकारच नव्हता, असे त्यांनी म्हटले. युद्ध पुढे चालले. गोडार्डने १७८० मध्ये अहमदाबाद व वसई घेतली. १७८१ च्या आरंभी तो पुन्हा बोरघाटापर्यंत आला, आणि एप्रिलमध्ये हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांचा मार खात पनवेलीकडे परतला. शेवट १७ मे १७८२ रोजी सालबाईच्या तहाने झाला. या तहातील मुलखाची व्यवस्था अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगी आहे. १ मार्च १७७६ च्या पुरंदर तहानंतर इंग्रजांनी जिंकलेली वसईसारखी ठाणी मराठ्यांस परत मिळाली. त्यापूर्वी घेतलेली साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे वडगावी आधारतिथी १७७३ होती, ती सालबाईस १७७६ झाली. तीनच वर्षांचे हे अंतर, परंतु त्या अंतरात साष्टी बसत होती. आज मुंबईची उपनगरे ज्या भूमीवर उभी आहेत ती भूमी मराठ्यांच्या हातून कायमची गेली, ती आधारतिथी पुढे सरकल्यामुळे.

पूर्वस्थिती आणि ताबा ही दोन तत्त्वे परस्परविरोधी दिसतात; परंतु वस्तुतः ती एकाच मोजपट्टीवरील दोन खुणा आहेत. प्रश्न एवढाच असतो की कोणत्या दिवसाची स्थिती प्रमाण मानावयाची. अलीकडच्या काळातही हेच दिसते. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीची स्थिती प्रमाण धरली गेली. म्हणून हाजी पीर भारतास सोडावे लागले. १९७२ च्या सिमला करारात दोन्ही तत्त्वे शेजारी शेजारी नांदतात : आंतरराष्ट्रीय सीमेवर पूर्वस्थिती, आणि जम्मू-काश्मीरात १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धविरामातून निर्माण झालेली नियंत्रणरेषा.

२

ताबा आणि स्वामित्व यांतील भेद शब्दांवर किती अवलंबून असतो, हे पाहण्यास १७७९ या वर्षातलाच आणखी एक दस्तऐवज आपल्या उपयोगी पडतो. वडगावच्या प्रसंगानंतर अकरा महिन्यांनी, डिसेंबर १७७९ मध्ये, पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला. इंग्रजांशी युद्ध चालू असल्याने पोर्तुगीजांचे सख्य राखणे दरबारास इष्ट होते. या तहाच्या सतराव्या कलमान्वये दमणच्या बाजूस वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची खेडी पोर्तुगीजांस देण्याचे ठरले. त्याची अंमलबजावणी १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी झाली. ही खेडी म्हणजेच पुढील दादरा आणि नगरहवेली.

'दिली' म्हणजे काय दिले? मराठीतील 'देणे' हे क्रियापद या बाबतीत उदासीन आहे. दान देणे, उसने देणे, कर्ज देणे, वतन देणे या सर्वांस तेच क्रियापद चालते. मालकी गेली की राहिली हे क्रियापद सांगत नाही, कर्मस्थानीचे नाम सांगते. या सनदांतील नाम 'सरंजाम' हे होते. सरंजाम किंवा जहागीर याचा अर्थ मुलखाचा वसूल घेण्याचा हक्क. मुलूख राजाचा, वसूल सरंजामदाराचा, आणि राजाची मर्जी फिरल्यास तो वसूलही परत घेता येतो. 'जहागीर' या फारसी शब्दाचा धात्वर्थ 'जागा धरणे' असा आहे हे खरे. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ जागेवरील धनीपणा असा कधीच झाला नाही. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवू नये, याचे हे एक चांगले उदाहरण आहे. शिवाय 'तह' बरोबरीच्या दोघांत होतो, तर 'सनद' वरून खाली येते. सनद स्वीकारणारा देणाऱ्याचे श्रेष्ठत्व त्या स्वीकारातच मान्य करतो.

ही शब्दचर्चा पावणेदोनशे वर्षांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात व्हावयाची होती. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांच्या हातून सोडविले. या कामात आझाद गोमंतक दलाच्या विश्वनाथ लवंदे यांच्यासारखे कार्यकर्ते होते, तसे सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही होते. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दावा लावला : दमणहून या प्रदेशात जाण्याचा आपला वाटेचा हक्क भारताने नाकारला, असे त्याचे म्हणणे होते. वाटेचा हक्क सार्वभौमत्वावर अवलंबून असल्यामुळे न्यायालयास १७७९ चा तह आणि त्या दोन सनदा वाचाव्या लागल्या.

१२ एप्रिल १९६० च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे. तहाच्या पोर्तुगीज पाठात सार्वभौमत्व सूचित करणारे काही शब्दप्रयोग आहेत, तसे त्याच्या उलट अर्थाचेही आहेत. म्हणून तहाच्या भाषेवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतू सिद्ध होत नाही. सनदांवरून मात्र बारा हजार रुपयांची जहागीर अथवा सरंजाम एवढेच दिले गेले हे स्पष्ट होते. तथापि न्यायालय येथे थांबले नाही. इंग्रज या भागाचे सार्वभौम झाले तेव्हा त्यांस पोर्तुगीज तेथे पूर्ण अंमल करीत असलेले आढळले. त्यांनी ती स्थिती तशीच चालू दिली, आणि त्यामुळे पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व वस्तुतः मान्य झाले. सारांश, शब्दाने जे दिले नव्हते ते ताब्याने आणि इतरांच्या मौनाने मिळविले. अखेरीस खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, पोलीस व शस्त्रे यांना नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असा निकाल झाला. दादरा आणि नगरहवेली ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय संघराज्यात सामील झाली.

गोव्याची गोष्ट याहून सरळ, परंतु तिथीच्या दृष्टीने तितकीच उद्बोधक आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज फौजेने शरणागती दिली. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव संघराज्यात सामील झाली ती २० डिसेंबर १९६१ पासून. लष्करी ताबा तात्पुरता असतो, सामीलीकरणाने तो संपतो आणि स्वामित्व सुरू होते, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मधील गोव्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केला. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ रोजी सही झालेल्या तहाने मान्य केले, आणि तो तह अमलात आला ३ जून १९७५ रोजी. ताबा, सामीलीकरण आणि मान्यता यांच्या या तीन तिथी आहेत. यांपैकी लोकांनी आपली म्हणून निवडली ती पहिली.

३

आता सुट्टीकडे वळू. भारतात राष्ट्रीय सुट्ट्या तीन मानल्या जातात : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यांतील पहिल्या दोन तिथींचे स्वरूप पाहिले तर त्या ताब्याच्या नव्हेत, स्वामित्वाच्या आहेत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी कायद्याने सत्तांतर झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि ती तिथीही १९३० च्या स्वातंत्र्यप्रतिज्ञेच्या स्मरणार्थ निवडली गेली. युद्धाच्या अंताशी निगडित अशी एकही तिथी या तिन्हींत नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यास पाकिस्तानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. भारतात हा दिवस विजयदिन म्हणून पाळला जातो, हुतात्म्यांस अभिवादन होते. पण कचेऱ्या चालू असतात. बांगलादेशात मात्र तीच तिथी राष्ट्रीय सुट्टीची आहे.

या तुलनेतून एक नियम काढता येतो. युद्धाच्या शेवटाची सुट्टी जिंकणाऱ्याकडे जात नाही. त्या शेवटाने ज्यांची राजकीय स्थिती बदलली त्यांच्याकडे जाते. गोव्यात १९ डिसेंबर सुट्टीचा दिवस आहे, उर्वरित भारतात सामान्यतः नाही. कुसगाव-वडगावच्या परिसरात १७७९ चा विजय एवढा मोठा असूनही तो दिवस सुट्टीचा का झाला नाही, याचे उत्तरही येथेच आहे. मावळ त्या लढाईपूर्वी पेशव्यांकडे होते आणि नंतरही पेशव्यांकडेच राहिले. येथील कुणब्याचा सारा ज्या चावडीवर जात होता त्याच चावडीवर जात राहिला. वडगावी महादजी शिंद्यांचे स्मारक उभे राहिले, पण पंचांगात तिथी उभी राहिली नाही. लोकांच्या बोलण्यात टिकला तो पराभूत बाजूचा कॅप्टन स्टुअर्ट, 'इष्टूर फाकडा' या नावाने. आरंभीच्या जोडाक्षराआधी 'इ' लावून 'स्टेशन'चे 'इस्टेशन' करणाऱ्या जिभेने त्याला आपलासा करून घेतला.

या नियमाची कसोटी पाहणारे प्रकरण पुन्हा सिल्वासाचेच आहे. तेथे २ ऑगस्ट हा मुक्तिदिन अनेक दशके सार्वजनिक सुट्टीचा दिवस होता. २०२१ मध्ये प्रशासनाने तो सुट्ट्यांच्या यादीतून वगळला. यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. देशासाठी १५ ऑगस्ट, तसा या प्रदेशासाठी २ ऑगस्ट, असा तिचा आशय होता. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. सार्वजनिक सुट्टी मिळावी असा मूलभूत हक्क कोणासही नाही, कोणता दिवस सुट्टीचा असावा हे शासकीय धोरण आहे, असे न्यायालयाने म्हटले.

हा निर्णय समजावयाचा तर सुट्टीचे कायदेशीर मूळ पाहिले पाहिजे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी सापडते. आपल्याकडे राज्ये सार्वजनिक सुट्ट्यांची वार्षिक यादी जाहीर करतात ती सामान्यतः १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमाखाली. हा अधिनियम हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती लगतच्या आधीच्या कामाच्या दिवशी भरली असे मानावे, एवढेच ते कलम सांगते. आणि त्यासाठी सुट्टी कशाला म्हणावे हे ठरवावे लागते, म्हणून राजपत्रातील अधिसूचनेने दिवस जाहीर करण्याचा अधिकार त्यात केंद्र सरकारास दिला आहे. १९५७ मध्ये हा अधिकार राज्य सरकारांकडे सोपविला गेला. म्हणजे मुक्तिदिनाची सुट्टी ज्या कायद्याने मिळते त्यास मुक्तीशी काही कर्तव्य नाही. त्याची काळजी सावकाराच्या मुदतीची आहे.

सुट्टी दरवर्षी नव्या अधिसूचनेने दिली जाते आणि पुढील वर्षी दिली न गेल्यास तक्रारीस कायद्यात जागा नाही. या अर्थाने ती सरंजामासारखी आहे : उपभोग आपला, मालकी देणाऱ्याची. सनदेतील सरंजामास ताब्याने आणि मौनाने सार्वभौमत्वाचे रूप आले, असे हेगच्या न्यायालयाने पाहिले. परंतु दशकानुदशकांच्या वहिवाटीने सुट्टीचा हक्क होत नाही, असा मुंबईच्या न्यायालयाच्या निर्णयाचा अर्थ होतो. ज्या प्रदेशाचे आधुनिक अस्तित्व एका सरंजामी सनदेतून निर्माण झाले, त्याच प्रदेशाच्या मुक्तिदिनाबाबत हा प्रश्न पुन्हा उपस्थित व्हावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

४

मग अशा दिवसांचा दर्जा नेमका कशाने ठरतो? सुट्टीने नव्हे, तर नावाने, असे सुचवावेसे वाटते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या निजामाची सत्ता संपली. ज्या लष्करी हालचालीने ती संपली तिला सरकारी भाषेत 'पोलीस कारवाई' म्हटले गेले. 'युद्ध' म्हटले की समोर परराष्ट्र असल्याचे मान्य होते, 'कारवाई' म्हटले की तो अंतर्गत मामला ठरतो. शब्दाची निवड हीच येथे कायदेशीर भूमिका होती. त्या संस्थानाचा मुलूख पुढे तीन भाषिक राज्यांत वाटला गेला आणि एका तिथीची अनेक नावे झाली. महाराष्ट्रात ती 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' आहे. 'संग्राम' हा शब्द तेथील लोकांच्या लढ्यास कर्तेपण देतो. कर्नाटकात पूर्वी 'विमोचन दिन' होता, तो २०१९ मध्ये 'कल्याण कर्नाटक उत्सव' झाला. नावातून सुटका गेली, उत्सव राहिला. तेलंगणात २०२२ नंतर राज्य सरकारांनी 'राष्ट्रीय एकात्मता' आणि पुढे 'प्रजापालन' अशी नावे घेतली, तर केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'हैदराबाद मुक्तिदिन' हे नाव अधिसूचित केले. तिथीविषयी वाद नाही. त्या तिथीस नेमके काय संपले आणि ते कोणी संपविले, याविषयी आहे. आणि तो वाद नावांच्या द्वारे चालतो.

'मुक्ती' आणि 'सुट्टी' या दोन शब्दांच्या मुळाशी सुटण्याचीच कल्पना आहे. एकीत माणसे परक्या सत्तेपासून सुटतात, दुसरीत एका दिवसापुरती कामापासून. शासन दुसरी देऊ शकते आणि काढूनही घेऊ शकते. पहिलीची सनद मात्र त्याच्या दप्तरात नसते. तहाची आधारतिथी बलाबलाने ठरते आणि सुट्टीची तिथी अधिसूचनेने. लोकांनी आपली मानलेली तिथी या दोहोंबाहेर, त्यांच्या भाषेत राहते. म्हणून अशा दिवसांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने राजपत्रातील याद्या जरूर पाहाव्यात, तहांची कलमेही पाहावीत. पण त्या दिवसाला त्या गावची माणसे काय म्हणतात हे ऐकल्यावाचून आपले टिपण पुरे झाले असे समजू नये. दस्तऐवजातील एका नामावरून सार्वभौमत्वाचा निर्णय फिरू शकतो, हे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी दाखविले आहे. बोलीतील नामास त्याहून कमी लेखण्याचे कारण नाही.